झील धरणारा पिकअप

आमच्या आबांनी ओवी म्हणायची सोडली तेव्हा घरात कुणी काही बोललं नाही, पण जेवायला बसल्यावर एकमेकांच्या भाकरी चावण्याचा आवाज ऐकू यायला लागला. त्याआधी तो कधी ऐकू आला नव्हता. आबा म्हणजे माझे वडील. वाडवडलांनी मेंढरं राखली, आबांनीही तरणेपणी थोडी राखली, मग कळंबला ऊस लावला. मेंढरं गेली, गळा मात्र माळावरचाच राहिला. उसाला दारं धरताना, बैलं धुताना, चुलीपुढं अंग शेकताना ओवी चालूच. आई म्हणायची, ह्या माणसाला एका जागी गप बसवायचं तर तोंडात गुळाचा खडाच द्यावा लागतो. पण धनगरी ओवी एकट्याची नसते. पुढचा गडी ओळ टाकतो आणि मागचा ती उचलतो, शेवट लांबवतो, पुढच्याला दम घ्यायला जागा करून देतो. त्याला झील धरणं म्हणतात. आबांची झील त्यांचे चुलतभाऊ भिवातात्या धरायचे. तात्या अचानक गेले आणि त्या वर्षी जत्रेत आबा ढोलाजवळ नुसते उभे राहून घरी आले. नंतर लोकांनी आग्रह केला, दोन-तीन पोरंही मागं उभी केली, तर ती पोरं झील धरायच्या ऐवजी आबांच्या वर ओरडायची. आबा म्हणाले, “ही झील न्हाय, हाकाटी हाय. मी वळ टाकायची आन् ती खाली पडताना बघायची, हे मला व्हायचं न्हाय.” झालं. विषय संपला.

मी तेव्हा बारामतीला कॉलेजात होते आणि जळोचीला पारूआत्याकडं राहायचे. पारूआत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण. तिचं मोटर भरायचं दुकान होतं. जळालेल्या मोटरमधली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, ह्याला आमच्याकडं मोटर भरणं म्हणतात. मामा, म्हणजे तिचे यजमान, गुडघ्यांनी बसले तेव्हापासून ती एकटी दुकान चालवायची. पुढं दुकान, मागं दोन खोल्या. घराला कायम वार्निशचा वास. तिच्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीलासुद्धा तो यायचा असं मी म्हणायचे आणि पाठीत धपाटा खायचे. सकाळी मशीनची कटकट सुरू व्हायची ती अंधार पडेपर्यंत. त्या कटकटीत मी अभ्यास केला, परीक्षा दिल्या, रडले, हसले. आजही कुठं मोटर भरायचं मशीन चालू असलं की माझे पाय आपोआप थांबतात आणि मला भूक लागते. आत्या बोलायला फाटक्या तोंडाची होती. अंगानं धिप्पाड, नऊवारीचा काष्टा घट्ट, कानावर टेस्टर खोचलेला. गिऱ्हाईक शेतकरी तिला वचकून असायचे. “पानी नसताना मोटर चालू ठिवलीस व्हय? मग जळंल न्हाय तर काय फुलं देईल?” असं ती भल्याभल्यांना सुनवायची. मला तिचा किती अभिमान वाटायचा म्हणून सांगू! आपण मोठेपणी काय व्हायचं असं कुणी विचारलं तर मी मनात म्हणायचे, पारूआत्या.

गिटार आमच्या घरात आली ती आत्यामुळंच. बारामतीतला एक ऑर्केस्ट्रा मोडला आणि त्याच्या मालकानं डीजे काढला. आत्या त्याच्याकडं स्पीकर आणि ॲम्प्लिफायर बघायला गेली, गौरीपुढं गाणी लावायला. येताना लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटारही घेऊन आली. “कोपऱ्यात पडली हुती. तारा हायत, वायर हाय, म्हंजी आपल्याच धंद्यातली हाय,” असं तिचं म्हणणं. त्या ऑर्केस्ट्रातला गिटारवाला नोकरीवर जायच्या आधी काही दिवस मला बोटं कुठं ठेवायची ते शिकवून गेला. बाकीचं मी रेडिओवर ऐकून, चुकत-माकत शिकले. आता मी स्वतः पोरांना शिकवते. ती फोनवर व्हिडिओ लावून येतात आणि मलाच विचारतात, मॅडम, तुम्ही कुठून शिकलात? मी सांगते, मोटर भरायच्या दुकानात. त्यांना वाटतं मी चेष्टा करते.

सुट्टीत कळंबला गेले की मी आबांच्या ओव्यांच्या चाली गिटारवर काढून बघायचे. गळा मला देवानं दिला नव्हता. मी गायला लागले की आमचं कुत्रं उठून जायचं, ही अतिशयोक्ती नाही. पण बोटांना चाली सापडायच्या. एके दिवशी मी हिय्या करून म्हटलं, “आबा, तुमी म्हणा. झील मी धरते. हिच्यावर.” आबा हसले नाहीत, हे मला अजून आठवतं. त्यांनी खरंच ऐकलं. दोन ओळी म्हटल्या, मी मागून उचलल्या आणि ते थांबले. “नंदे, बोटं तुझी बरूबर जात्यात. पन हिचा आवाज बाभळीच्या काट्यावानी हाय. तात्याचा आवाज खालनं यायचा, घोंगडं टाकल्यावानी. काट्यावर मी वळ कशी टाकू?” मी हिरमुसले, पण एक गोष्ट मनात धरली. त्यांनी नाही म्हटलं ते गिटारच्या आवाजाला, मला नव्हे. आवाज बदलला तर आबा परत गातील. दिवाळीनंतर जत्रा होती. तोवर जमलं तर जमलं, नाहीतर आबांची ओवी कायमची गेली, असं मला वाटायचं आणि ते खोटं नव्हतं. न वापरलेला गळा किती वर्षं राहणार?

बाभळीचा काटा का, तेही मला माहीत होतं. गिटारच्या तारांखाली पिकअप असतो. लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तार. वरची तार थरथरली की ती थरथर हा पकडतो आणि स्पीकरला देतो. आमच्या गिटारला असे दोन होते. एक खाली घोडीजवळ, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीजवळ, त्याचा आवाज टोकदार. दुसरा वर मानेजवळ, त्याचा आवाज भरलेला, गोल. हा मानेजवळचा पिकअप पहिल्यापासून मेलेला होता. खटका तिकडं केला की स्पीकर मुका. मी जळोचीला परत येऊन आत्याला सगळं सांगितलं. तिनं पिकअप उघडला, मीटर लावला आणि मांडीवर थाप मारली. “आगं, हे तर बारकी मोटरच हाय की! तार तुटलीया आतनं. उद्या भरून देते.”

तिनं भरला, आणि असा भरला की बघत राहावं. जुनी तार इतकी बारीक होती की तिला ती तार वाटलीच नाही, कुजलेलं सूत वाटलं. तिनं तिच्याकडची सगळ्यात नाजूक, पंख्याची तार घेतली, वेढ्याशेजारी वेढा घट्ट बसवला, वार्निशमध्ये बुचकळला आणि बल्बखाली वाळवला. “घे. तू मरशील, मी मरंन, ह्यो जळायचा न्हाय.” मी तो बसवला, खटका वर केला, तार छेडली. गोधडीत तोंड घालून कुणी बोलावं तसा आवाज आला. ॲम्प्लिफायर पूर्ण उघडला तरी तेवढाच. न जळणारा पिकअप तिनं केला होता, पण पिकअपला कुठं जळायचं असतं? मोटर भरणाऱ्याला तार जाड असली की धीर वाटतो. इथं तार जेवढी बारीक, वेढे जेवढे जास्त, तेवढं ऐकू येतं. हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, तुझी गिटारच भिकार आहे. आत्यानं पिकअप हातात घेतला, उलटासुलटा केला आणि दुकानाच्या फळीवर सगळ्या मोटरींच्या पुढं ठेवला. तिच्या दुकानाची एक रीत होती. परत आलेलं काम आधी, नवं काम मागनं. मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो. आणि तिच्याकडं काम परत येतच नसे, म्हणून ती रीत मी पाहिलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून आम्ही पुण्याची एस्टी धरली. कोऱ्हाळ्याचे एक आबासाहेब मोटर घेऊन दारात उभे, कॅनॉलची पाळी आलेली, ते नुसते तणतणत होते. “पारूबाई, माझा ऊस वाळतोय आन् तू पोरीचं तुणतुणं घिऊन कुठं निघालीस?” “परत आलेलं काम हाय, आबासाहेब. तुमची परत आली आस्ती तर तुमच्यासाठी बी बंद ठिवलं आस्तं.” एस्टीत मात्र आत्या मला म्हणाली, “लई बोलला गं त्यो. पन बरूबर बोलला.”

पुण्यात वाद्यं दुरुस्त करणारे एक वयस्क गृहस्थ होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. आत्यानं आपण भरलेला पिकअप त्यांच्या टेबलावर ठेवला आणि न लाजता सांगितलं, “हे मी केलंय आन् चुकलंय. काय चुकलं ते सांगा.” मास्तरांनी चष्म्यातून पाहिलं आणि ते खो खो हसले. “बाई, यावर विहिरीचं पाणी उपसता येईल.” आत्याही हसली. मग त्यांनी तिला खरी तार दाखवली. केसापेक्षा बारीक. बोटात धरली तरी धरल्यासारखी वाटत नाही. आत्यानं ती उजेडाकडं धरली आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू तिला पोटचं लेकरू दाखवलं कुणी. “नंदे, ही गुंडाळत्यात कशी गं मानसं? श्वास लागला तर तुटंल.” ती तिथंच स्टूल ओढून बसली आणि मास्तरांचं गुंडाळणं बघत राहिली. जेवायची वेळ टळली तरी उठेना. मास्तरांनाही इतकं मन लावून बघणारं कुणी भेटत नसावं. उठताना त्यांनी आमच्या मापात बसणारे तीन पिकअप कागदात बांधून दिले. “जो शोभेल तो ठेवा, बाकीचे पाठवून द्या. इथं बसून निवडू नका. ज्याच्यासाठी हवाय त्याच्यापुढं वाजवा.”

अडचण एवढीच की ज्याच्यासाठी हवा होता तो माणूस गायला तयार नव्हता. गिटार आणि स्पीकर घेऊन कळंबला गेलो तेव्हा आबा अंगणात लिंबाखाली वैरण तोडत होते. आईनं हुलग्याचं माडगं केलं होतं, ते पिऊन आत्या ओट्यावर बसली, सोल्डरिंगची काडी तापवली आणि पहिला पिकअप बसवायला घेतला. आबा कोयता खाली ठेवेनात आणि आमच्याकडं बघेनात. “मला इचारू नगा. मी गानार न्हाय.” “तुला कुनी इचारलंय, दादा? मी म्हंती की,” असं म्हणून आत्यानं भसाड्या आवाजात मेंढरं माळावर निघाल्याची ओवी सुरू केली. तिनं चाल अशी काही वाकडी नेली की माझी बोटं अडखळली. आबांनी दोन ओळी सोसल्या. तिसरीला कोयता थांबला. “पारे, आगं माळावर न्हेतीस का खाटकाकडं? चाल ती न्हवं.” “मग कोनती?” “आयकायची आसंल तर गप बस,” म्हणून आबांनी ओळ टाकली. आई चुलीपुढून उठून दारात आली. कितीतरी महिन्यांनी तो आवाज आमच्या अंगणात येत होता. मला भडभडून आलं, पण वाजवायचं होतं.

पहिला पिकअप दणकट होता. बारीक छेडलं तरी स्पीकर भरून आवाज. मला तो भयंकर आवडला, त्या वयात मोठा आवाज म्हणजेच चांगला आवाज. आबांनी आवाज चढवला, आणखी चढवला आणि चौथ्या ओळीला त्यांना ठसका लागला. आत्यानं तो उतरवला. दुसरा अगदी गुणी. स्वच्छ, गोड, मागं जराही घरघर नाही. आबा म्हणाले, “चांगला हाय ह्यो,” ओवी नीट म्हटली, संपवली आणि पाणी मागितलं. मी मनात ठरवून टाकलं की हाच. तिसरा पिकअप जुना होता. वरचं पांढरं झाकण पिवळट पडलेलं, आवाज तिन्हींत लहान, आणि स्पीकरमधून सारखी बारीक घरघर. मी नाक मुरडलं. तरी आत्यानं बसवला म्हणून वाजवला. आबांनी ओळ टाकली. मग दुसरी. मग त्यांनी कोयता बाजूला सारला आणि हात कानावर ठेवला. ओवी संपायच्या ठिकाणी संपली नाही. मेंढरं माळावरून ओढ्याला आली, ओढ्यावरून वाड्याला, वाटेत लांडगा आला, कोकरू हरवलं. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी आबा थांबत होते. मी वाजवत होते म्हणून मला ते समजलंसुद्धा नाही.

संपल्यावर मी म्हटलं, “आत्या, दुसराच ठेवू. ह्याची घरघर ऐकलीस का? जत्रेत स्टेजवर नाक कापलं जाईल.” आत्या काडीचं टोक पुसत होती. “तू गिटार आयकत हुतीस. मी दादाला आयकत हुते. पयल्याला त्यो भांडला. दुसऱ्याला पावना आल्यावानी वागला. ह्याच्यापुढं त्यानं जागा सोडली, नंदे. तात्या गेल्यापासनं वळीच्या मागं जागा सोडली न्हाय त्यानं. त्या पोरांपुढं बी न्हाय.” मी आबांकडं बघितलं. ते परत वैरण तोडायला लागले होते, पण मान खाली आणि डोळे ओले. “आन् घरघर म्हनशील तर,” आत्या हळूच म्हणाली, “ह्याच्या गळ्यात न्हाय व्हय? पन्नास वर्सं बिडी वढलीया.” ह्या बाईला स्वर कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. पण लहानपणी ती आबांच्या मागं माळावर हिंडली होती, ते ओवी म्हणताना कुठं दम घेतात हे तिला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. नंतर मी भारीभारी पिकअप पाहिले, वाजवले, पोरांना निवडून दिले. पण निवडायचं कसं ते त्या दुपारी ओट्यावर शिकले, आणि त्याबद्दल मी तिच्या पायावर डोकं ठेवायला कधीही तयार आहे.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ओव्या असतात. आत्या सकाळीच येऊन स्टेजमागं खड्डा खणत होती. मोटरला करतात तसं कोळसा-मीठ घालून तिनं अर्थिंग पुरलं आणि घागरीनं पाणी ओतलं. घरघर अर्धी कमी झाली. उरलेली तिनं उरू दिली. मी गिटार गळ्यात अडकवून ढोलांच्या ओळीत उभी राहिले तेव्हा लोकांत कुजबूज झाली. पोरगी, ती पण जीन्समध्ये, ती पण असलं वाद्य घेऊन. आबांनी पागोटं सारखं केलं, हात कानावर ठेवला आणि पहिली ओळ टाकली. मी ती उचलली. लोकांनी मान वळवली. दुसरी टाकली, उचलली. आवाज खालून येत होता, आबांच्या पायाखालून आल्यासारखा, आणि आबा त्यावर बिनधास्त उभे होते. आता कुजबूज बंद. म्हातारे पुढं सरकून बसले. मी आतून इतकी सुखावले होते की मला वाटलं, इथंच संपलं तरी चालेल.

आणि लाईट गेली. आबा ओळीच्या मध्यावर होते. माइक गेला, स्पीकर गेला, माझी गिटार एका क्षणात लाकूड झाली. आबांना माइकची गरज नव्हती. त्यांनी ओळ पुरी केली. मी सवयीनं तारा छेडल्या, नुसती टिकटिक. मागच्या चार-पाच गड्यांनी प्रसंग ओळखला आणि वेळ निभावायला मोठ्यानं झील धरली. चांगली धरली, उगाच का खोटं बोलू. ढोल चालू, माणसं तयार, ओवी तशीच पुढं न्यायची तर काहीच अडलेलं नव्हतं. मी गिटारवरचा हात काढला आणि एक पाऊल मागं झाले.

आबांनी कानावरचा हात खाली घेतला आणि वर केला. ढोल थांबले. गडी थांबले. सगळ्या जत्रेला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, “थांबा की वाईच. माझी झील ती धरतीया. लाईट यिऊ द्या.”

आणि ते थांबले. आत्या जनरेटरकडं पळत होती, पोरं आरडत होती, उन्हात पाळण्याचा नुसता लोखंडी सांगाडा उभा होता. आबा कमरेवर हात ठेवून, जराही घाई नसल्यासारखे, माझ्याशेजारी उभे. अख्खी जत्रा त्यांच्याबरोबर ताटकळलेली. कुणी उठलं नाही. मला रडू आवरेना आणि पुसायला हात उचलवेना, कारण बोटं मी परत त्याच सुरावर ठेवलेली होती आणि लाईट कोणत्याही क्षणी येणार होती.